डाव्या मडगार्डाचे चार बोल्ट

आमच्या शेडमध्ये दोन धंदे चालतात. पुढच्या भागात मी गाड्या रंगवतो, मागच्या भागात तो पत्रा ठोकतो. त्याला सगळे पंचनामे म्हणतात. हे त्याचं आडनाव नव्हे, समोरच्या चहावाल्याने ठेवलेलं नाव आहे. आणि ते ठेवल्या दिवसापासून चहावाला दुधात पाणी नव्हे तर पाण्यात दूध घालतो, अशी पंचनाम्याची पक्की खात्री आहे.

संशय हा त्याचा छंद नाही, प्रकृती आहे. औषधाच्या दुकानात तो गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचतो, इथवर ठीक. मग दुसरं पाकीट मागवून त्याचीही तारीख वाचतो, आणि दोन्ही सारख्या निघाल्या की त्याला जास्तच शंका येते. लेकीला स्थळ आलं तेव्हा त्याने मुलाचं शिक्षण विचारलं नाही, घरदार विचारलं नाही. मुलगा आत चहा पीत होता आणि हा बाहेर त्याच्या स्कूटरखाली आडवा झाला होता. मग हात झटकत आत आला आणि बायकोला म्हणाला, "खालून स्वच्छ आहे. हो म्हण." वहिनी अजून सांगतात, "माझ्या वडिलांकडे स्कूटर नव्हती म्हणून माझं लग्न झालं."

हसायला सोपं आहे. पण त्याचा थोरला भाऊ मला माहीत आहे. दोघा भावांनी उमेदीत एक टेम्पो घेतला होता, जुनाच, पण नव्या नवरीसारखा रंगवलेला. तिसऱ्या महिन्यात उतारावर तो मधोमध वाकला. खालचा लोखंडी सांगाडा कधीचा चिरला होता आणि कोणीतरी त्यावर पुट्टी भरून झकास काळा रंग मारला होता. भाऊ वाचला, पण त्याच्या उजव्या हाताला अजून चमचा धरता येत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा गडी तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पितो.

त्या टेम्पोने त्याला एक विद्या मात्र दिली. गाडीच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केली की खाली पत्रा आहे की पुट्टी, हे तो डोळे मिटून सांगतो. खिशात लोहचुंबक असतो. जुनी गाडी घेणारे लोक त्याला सोबत नेतात, आणि विकणारे लोक त्याला पाहून दार लावून घेतात. आजवर एकाही गाडीला त्याने "निर्दोष" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि मी पडलो पेंटर, म्हणजे झाकणारा. तो उघडं पाडतो, मी झाकतो. बावीस वर्षं आमचं जमलं ते बहुधा यामुळेच.

या शेडमध्ये एका सकाळी ती विलायती गाडी आली. इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, लांब नाकाची, उघडी, गर्द हिरवी. तारांची चाकं. वय पन्नासच्या वर. ओढून आणणाऱ्या ट्रकमागून रिक्षाने एक बाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, शाळेत मुख्याध्यापिका होत्या हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मी हातातली विडी पाठीमागे लपवली.

"गाडी ह्यांची होती," बाई म्हणाल्या. "हे गेल्या वर्षी गेले. गंज चढलाय. सगळे पत्रे उतरवून बघायचंय, आत काय आहे ते."

"बघू," पंचनामे म्हणाला.

"बघू नाही. मी रोज चार वाजता येणार. मी असल्याशिवाय एकही पत्रा उतरवायचा नाही. आणि डावीकडचं पुढचं मडगार्ड कधी काढणार, ते मला आदल्या दिवशी सांगायचं."

शेरास सव्वाशेर म्हणतात तो प्रकार मी त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर पाहिला.

अशी गाडी उघडणं म्हणजे खेळ नव्हे. आजच्या गाड्यांचे पत्रे साच्यातून पडतात, एकीचं दार दुसरीला बसतं. ही गाडी कारागिरांनी हाताने ठोकून जुळवलेली. दाराची बिजागरी आणि खांब यांच्यामध्ये पातळ चकत्या घातलेल्या असतात, वर दोन, खाली तीन, आणि त्यातली एक इकडची तिकडे झाली की दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून पंचनामे आधी बिजागरीच्या कडेने सुईने रेघ ओढायचा, मग पुठ्ठ्यावर त्या पत्र्याचं चित्र काढायचा, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट चित्रात त्याच्या त्याच्या जागी खोचायचा. बंपर, दिवे, जाळी, बॉनेट, दोन्ही दारं, अशी पुठ्ठ्यांची रांग भिंतीला लागली.

बाई लोखंडी खुर्चीवर बसून दोनशे पानी वहीत सगळं लिहून घ्यायच्या. उतरलेल्या प्रत्येक पत्र्याच्या पाठीवर लाल पेन्सिलीने सही करायच्या, म्हणजे आम्ही अस्सल पत्रा विकून नकली बसवायला नको. पंचनाम्याला हा अपमान वाटला. त्याने त्याच पत्र्यांवर खिळ्याने आपली खूण केली, म्हणजे बाईंनी पत्रा बदलून आमच्यावर आळ घ्यायला नको. मी मधे बसून पॉलिश पेपर घासत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, यातला एक जरी माणूस साधा पाठवला असतास तरी चाललं असतं.

पण चार-पाच दिवसांत पंचनाम्याची झोप उडाली.

"पेंटर, पाणी कुठेतरी मुरतंय," तो मला म्हणाला. "दारं निघाली, बाईंनी मान वर केली नाही. बॉनेट निघालं, वहीत बघत होत्या. पण डाव्या मडगार्डाजवळ मी नुसता पाना ठेवला तर उठून उभ्या राहिल्या. आत काहीतरी आहे."

"गंज आहे."

"गंजासाठी कोणी उभं राहतं? म्हातारबुवांनी काहीतरी लपवलंय तिथे. सोनं असेल, कागद असतील. उद्या आपल्या शेडमध्ये निघालं तर पोलीस कोणाला विचारतील? बाईंना? तुला-मला विचारतील."

मी त्याला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. डावं मडगार्ड गुरुवारी चारला काढायचं ठरलं होतं. गुरुवारी दुपारी मी रंग आणायला बाजारात गेलो, आणि परत आलो तर हा डॅशबोर्डाखालून पाय बाहेर काढून पडलेला, आणि मडगार्ड गोणपाटावर उतरवून ठेवलेलं.

"हे काय केलंस?"

तो सरपटत बाहेर आला. तोंडावर माती, केसांत पाला. "काही नाही रे आत," तो नाराज होऊन म्हणाला. "वाळका पाला आणि मूठभर माती. हात फुकट काळे झाले. खांबातल्या चारही बोल्टांना कंपनीतून आल्यापासून कोणी पाना लावलेला नाही. रंगाला चरासुद्धा नव्हता."

हे शब्द लक्षात ठेवा. मी तेव्हा त्यांना किंमत दिली नव्हती.

मडगार्ड वरून बॉनेटच्या कडेला बोल्टांच्या ओळीने धरलेलं असतं. ती ओळ बॉनेट उघडलं की कोणालाही दिसते. पण मागच्या टोकाला, दाराच्या खांबात, डॅशबोर्डाखालच्या अस्तराआड चार बोल्ट लपलेले असतात. गाडी कंपनीत रंगवतात ती मडगार्ड बसवून, त्यामुळे बोल्टाचं डोकं आणि पत्रा यांच्यावर रंगाचा एकच थर बसतो. पाना लागला की तो थर बोल्टाच्या कडेने तडकतो. एकदा तडकला की तो काल तडकला की तीस वर्षांपूर्वी, हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकत नाही.

घड्याळात अडीच वाजले होते. चारला बाई येणार. पंचनाम्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जन्मभर दुसऱ्याची चोरी धरणारा माणूस स्वतः चोरी करून बसला होता, आणि चोरीत हाती लागला होता पालापाचोळा.

"बसवून टाकू परत," तो म्हणाला. "आणि त्या चार डोक्यांवर तू जरा..."

मी केलं. खोटं कशाला बोलू, मला ते करताना मजा वाटली. हिरव्यात चिमूटभर काळा, थेंबभर पिवळा, वरून चिमटीने धूळ भुरभुरली. बारीक ब्रशने चार बोल्ट असे काही भरले की कंपनीवाल्यांनी येऊन पाहिलं असतं तर आपलेच म्हणाले असते. अस्तर परत लावलं. चहा मागवला. चारला बाई आल्या तेव्हा आम्ही दोघं इतके साळसूद दिसत होतो की कोणालाही संशय यावा.

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. वही उघडली नाही. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "काढण्याआधी तुम्हाला एक सांगायला हवं. कारण बघताना माझे डोळे नीट चालतील असं वाटत नाही, आणि तुम्हालाच बघून सांगावं लागेल."

आणि त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हे उशिरा घरी आले. शर्टाच्या बाहीला रक्त होतं. म्हणाले, रस्त्यात एक सायकलवाला पडलेला दिसला, त्याला दवाखान्यात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली की सायकलवाल्याला कुठल्याशा मोटारीने डाव्या बाजूने उडवलं आणि मोटारवाला पळाला. चौथ्या दिवशी सायकलवाला गेला. आणि पुढच्याच आठवड्यात ही गाडी आठ दिवस गॅरेजात होती.

"मी त्यांना काही विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर ते काहीतरी उत्तर देणार. आणि मग त्या उत्तराचं मी काय करायचं? तीस वर्षं जेवायला वाढलं. आजारपण काढलं. पण त्यांच्याकडे पाहिलं की मला ती बाही दिसायची."

पंचनाम्याने हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"हे आल्यागेल्याला मोठ्या कौतुकाने सांगायचे, माझ्या गाडीचे आतले बोल्ट कंपनीचे आहेत, रंग तडकलेला नाही. वरची ओळ ते स्वतःच दर वर्षी रंगवायचे, तिच्यावर काही कळायचं नाही. आतले चार बोल्ट तेवढे खरं सांगतील. मडगार्ड नवं बसवलं असेल तर रंग तडकलेला असणार. नसेल तर..." बाईंनी डॅशबोर्डाखाली बोट दाखवलं. "अस्तर काढा."

मी पंचनाम्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. काय अवस्था होती सांगतो. त्या बाईंचा नवरा निर्दोष होता. आम्हाला ठाऊक होतं. त्याचा पुरावा एकतीस वर्षं त्या खांबात शाबूत होता आणि दीड तासापूर्वी आम्ही तो मोडला होता. आता तिथे होता माझा खोटा रंग, आणि तो खोटा रंग अगदी खरं तेच सांगणार होता. गप्प बसलो तर बाईंना सत्य कळणार होतं. खरं बोललो तर ते सत्य मातीत जाणार होतं.

आम्ही गप्प बसलो.

पंचनाम्याने अस्तर काढलं. बाई गुडघे टेकून आत वाकल्या. मी बॅटरी धरली. एक, दोन, तीन, चार. गुळगुळीत, हिरवे, कुठे चरा नाही. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. "अहो," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्यांनी शेवटच्या बोल्टावर, जसं लहान मुलाच्या गालावर ठेवावं तसं, बोट ठेवलं.

बोट बाहेर आलं ते हिरवं होऊन.

मी बावीस वर्षं रंग लावतोय. बंद खोबणीत वारा लागत नाही, तिथे रंग वाळायला दुप्पट वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं का? हातचलाखीच्या मस्तीत विसरलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बाईंनी बोटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे तडकलेला होता," त्या म्हणाल्या. "आणि हे सगळं तुम्ही आधीच कुठूनतरी ऐकलं होतं, माझी कीव आली म्हणून तुम्ही..."

"नाही बाई!" पंचनामे जवळजवळ ओरडला. मग त्याने सगळं सांगितलं, सोनं, पोलीस, पाला, माती, सगळं. तो बोलताना अडखळत होता. लोकांनी त्याला आजवर हजार खुलासे दिले असतील आणि त्याने एकही ऐकून घेतला नसेल. स्वतःवर खुलासा द्यायची वेळ आली तर बिचाऱ्याला वाक्य जुळवता येईना. शेवटी म्हणाला, "रंग शाबूत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तुमच्या ह्यांनी काही केलेलं नाही."

"माझ्या जागी तुम्ही असता तर यावर विश्वास ठेवला असतात?"

त्याने खाली पाहिलं. "नसता ठेवला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचं असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं आणि परत पाहायची इच्छाही नाही.

बाई उठल्या, बोट पुसलं आणि खुर्चीवर बसल्या. आवाज एकदम शाळेतला झाला. "तुम्ही नळापाशी जाऊन उभे राहा. पेंटर, तुम्ही इथे या. तुम्ही बाजारातून आलात तेव्हा हे कुठे होते? काय म्हणाले? शब्द सांगा, अर्थ नको."

मी बाईंच्या कानाशी हळू सांगितलं. डॅशबोर्डाखालून निघाला, हात फुकट काळे झाले म्हणाला, चारही बोल्टांना पाना लागलेला नाही म्हणाला, रंगाला चरासुद्धा नव्हता म्हणाला. मग मला नळाकडे पाठवलं आणि त्याला बोलावलं. पत्रा ठोकून ठोकून त्याचा आवाज मोठा, तो नळापर्यंत येत होता. तो म्हणाला, पेंटरला मी हे चहा पिताना सांगितलं. म्हणाला, मी म्हटलं की कंबर धरली फुकटची. हात काळे झाल्याचं त्याला आठवतच नव्हतं. बोल्टांचं मात्र तेच.

मी नळापाशी कपाळाला हात लावला. झालं, जुळलं नाही. बुडालो.

बाईंनी मला परत हाक मारली. "चौतीस वर्षं मी कॉप्या पकडल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "खोटं बोलणारी पोरं आधी ठरवून येतात, त्यांची उत्तरं शब्दाला शब्द जुळतात. तुम्हा दोघांचं बोल्ट सोडले तर काही म्हणजे काही जुळत नाही."

पंचनाम्याला हे कळायला वेळ लागला. मला वाटतं त्या पद्धतीत खोट सापडते का, हेही त्याने आधी तपासलं असावं. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि तो म्हणाला, "बाई, एक राहिलं. गाडीखाली या. तिथे आम्ही हात लावलेला नाही, धूळ बघा, जुनी आहे. ही पेट्रोलची नळी. टाकीपासून इंजिनापर्यंत सबंध बदललेली आहे, चिमटे कंपनीचे नाहीत. तांब्याची सरळ नळी आणून हाताने वाकवलीय, वळणावळणाला. चांगल्या माणसाचं काम आहे." चांगल्या माणसाचं काम, हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. "आठ दिवस याचेच. पण कळत नाही, कशासाठी. नळी काही फुटलेली नसणार, तेवढा तुकडा बदलला असता. सगळी कशाला बदलली?"

बाई वाकल्या होत्या त्या तशाच राहिल्या. एका हाताने त्यांनी गाडीची कडा धरली.

"मी सांगितलं म्हणून," त्या म्हणाल्या.

पंचनामे गाडीखालून बाहेर सरकला.

"त्या बातमीनंतर मला त्यांच्या शेजारी बसवेना. कारण सांगता येईना. म्हणून म्हटलं, गाडीत पेट्रोलचा वास येतो, मला मळमळतं. ते गाडी घेऊन गेले. आठ दिवसांनी आणली आणि म्हणाले, 'चल, आता बघ, वास गेला.' मी म्हटलं, येतोच आहे." बाईंनी चष्मा काढला. "आणि मी ते आठ दिवस धरून बसले. वर्षातून एकदा तरी ते विचारायचे, आज येतेस का. मी म्हणायचे, वास येतो."

चहावाला पेले न्यायला आला होता. आमची तोंडं पाहून दारातूनच मागे फिरला.

बाई उघड्या गाडीत, जिथे सीट काढून नुसता पत्रा राहिला होता, त्या डाव्या बाजूकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी पंचनाम्याला विचारलं, "तुम्ही कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. खरं सांगा, आता येतोय का हो वास?"

पंचनामे आत वाकला. त्याने खरोखर वास घेतला, दोनदा, अगदी खाली नाक नेऊन.

"नाही बाई," तो म्हणाला. "अजिबात नाही."

"तेव्हाही नव्हता," बाई म्हणाल्या.